एक्के कोणत्या रंगाचे होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पत्त्यांच्या खेळांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात पोकरच्या एका डावाचे वर्णन आहे. एका खेळाडूच्या हाती एक्क्यांची जोडी होती, फ्लॉप (टेबलावर सर्वांसाठी उघडली जाणारी पहिली तीन पाने) उघडण्याआधीच दोघांनी एकमेकांवर रेज चढवून, म्हणजे लावायच्या चकत्या वाढवत नेऊन, पॉट (मध्यभागी जमलेल्या चकत्या) बराच मोठा केला होता, फ्लॉपवर राजा, अठ्ठी आणि तिर्री अशी तिन्ही पाने इस्पिकची पडली, एक्केवाल्याने उरलेल्या सर्व चकत्या एकदम पुढे सारल्या आणि समोरच्याने इस्पिकची राणी व इस्पिकचा गुलाम दाखवून डाव नेला. लेखकाने या साऱ्याला ‘निव्वळ दुर्दैव’ म्हटले आहे. लेख मी आवडीने वाचला आणि पोकरवर मराठीत कोणी गांभीर्याने लिहिते याचा मला आनंदच आहे. पण या निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण ते दुर्दैव होते की चुकीचा खेळ होता हे ठरवण्यासाठी जी एक गोष्ट कळायला हवी, नेमकी तीच लेखात दिलेली नाही. ते दोन एक्के कोणकोणत्या रंगाचे होते? त्यांत इस्पिकचा एक्का होता की नव्हता?

हा प्रश्न किरकोळ वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडील बहुतेकांची पत्त्यांशी ओळख रमी, मेंढीकोट आणि दिवाळीतल्या तीन पत्तीतून होते. तीन पत्तीत एकाच रंगाची तीन पाने हाती आली की तो ‘कलर’ ज्याच्या हाती आला त्याचाच असतो, आणि ५२ पानांतून तीन पाने उचलण्याच्या २२,१०० प्रकारांपैकी एका रंगाचे प्रकार केवळ १,१४४ असल्यामुळे त्याला मान मिळणे साहजिक आहे. पोकरचा फ्लॉप म्हणजेही त्याच ५२ पानांतली तीन पाने, त्यामुळे तिथेही हिशेब तोच येतो: सुमारे एकोणीस फ्लॉपमध्ये एक फ्लॉप एकाच रंगाचा पडतो. फरक असा की पोकरमध्ये ही तीन पाने टेबलावर उघडी असतात आणि सर्वांच्या मालकीची असतात. फ्लश व्हायला एकाच रंगाची पाच पाने लागतात. ज्याच्या हातातली दोन्ही पाने इस्पिकची आहेत त्याचा फ्लश झालेला असतो, ज्याच्याकडे एकच इस्पिक आहे तो चौथ्या इस्पिकची वाट पाहत असतो आणि ज्याच्याकडे एकही नाही त्याच्यासाठी हा फ्लॉप केवळ धोक्याचा असतो. तीन पत्तीतून पोकरकडे आलेले खेळाडू असा फ्लॉप दिसताच एकतर हबकतात किंवा ‘आता समोरच्याला पुढचे पान पाहू द्यायचेच नाही’ अशा निश्चयाने सगळे पणाला लावतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या लेखातल्या खेळाडूने दुसरा मार्ग धरला.

आता आकडे मांडतो. समजा ब्लाइंड (पाने पाहण्याआधीच दोन खेळाडूंना लावाव्या लागणाऱ्या चकत्या; कमी लावणारा तो स्मॉल ब्लाइंड, जास्त लावणारा तो बिग ब्लाइंड) ५० आणि १०० चकत्यांचे आहेत व दोघांकडे प्रत्येकी १०,००० चकत्या आहेत. बटनवरच्या, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वात शेवटी खेळणाऱ्या, खेळाडूने (एक्के त्याच्याच हाती आहेत असे धरा) २५० चा रेज केला, स्मॉल ब्लाइंडने तो ११०० वर नेला, बटनने पुन्हा २४०० केले, स्मॉल ब्लाइंडने कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चकत्या लावल्या, आणि बिग ब्लाइंड आपले १०० सोडून बाहेर पडला. पॉट ४,९०० चा झाला आणि दोघांकडे ७,६०० उरले, म्हणजे पॉटच्या दीडपटीहून थोडे अधिक. फ्लॉपआधी जोरात रेज झालेल्या डावाचे सर्वात महत्त्वाचे वैशिष्ट्य हेच आहे. उरलेल्या चकत्या पॉटच्या मानाने इतक्या कमी असतात की त्या मध्यभागी जाण्यासाठी घाई करावी लागत नाही. फ्लॉपवर १,६०० लावले आणि कॉल आला, तर पॉट ८,१०० होतो आणि मागे ६,००० राहतात. टर्नला (टेबलावरचे चौथे पान) किंवा रिव्हरला (पाचवे आणि शेवटचे पान) ते एका बेटमध्ये, म्हणजे एकाच वेळी लावून, सहज जातात. मग पहिल्याच फटक्यात ४,९०० साठी ७,६०० लावून मिळते काय? समोरच्याकडे इस्पिक नसलेल्या दश्शींची जोडी असेल, तर तो ती टाकून देतो. वास्तविक अशा हाताने खेळात राहावे हीच एक्केवाल्याची इच्छा असायला हवी. कॉल येतो तो झालेल्या फ्लशचा, राजांच्या सेटचा (हातातली जोडी आणि टेबलावरचा तिसरा राजा), किंवा इस्पिकचे मोठे पान असलेल्या हाताचा. हरणाऱ्यांना घालवून जिंकणाऱ्यांना थांबवून घेणारी अशी बेट, हात कितीही मोठा असला तरी, वाईटच.

यापुढचा भाग मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. एक्क्यांच्या जोडीचे एकंदर सहा प्रकार आहेत. त्यांपैकी तिघांत इस्पिकचा एक्का असतो आणि तिघांत नसतो. फ्लॉपआधी हे सहाही प्रकार सारखेच, पण राजा, अठ्ठी, तिर्री इस्पिकची पडताच ते दोन वेगळे हात होतात. इस्पिकचा व चौकटचा एक्का असलेल्या खेळाडूसमोर इस्पिकची राणी-गुलाम, म्हणजे झालेला फ्लश, असला तरी उरलेल्या सात इस्पिकांपैकी कोणतेही एक पान पडले की त्याचा फ्लश सर्वात मोठा होतो. त्यात क्वचित जमणारे फुल हाउस (एका आकड्याची तीन व दुसऱ्याची दोन पाने) व चौकडी (एकाच आकड्याची चार पाने) धरली तर शंभरांत ३२ च्या आसपास वेळा तो डाव जिंकतो. चौकटचा आणि बदामचा एक्का असलेला खेळाडू त्याच फ्लशसमोर शंभरांत जेमतेम तीन वेळा वाचतो. हातात तीच एक्क्यांची जोडी, समोर तोच फ्लॉप आणि तोच प्रतिस्पर्धी, तरी ३२ आणि ३ इतके अंतर पडते.

हे अंतर प्रत्यक्ष निर्णयात कसे उतरते ते पाहावे. वरच्याच डावात बटनने १,६०० लावले आणि स्मॉल ब्लाइंडने ऑल-इन केले, म्हणजे उरलेले सर्व ७,६०० लावले, तर बटनला आणखी ६,००० देऊन २०,१०० च्या पॉटसाठी खेळायचे आहे. म्हणजे शंभरांत तीसपेक्षा किंचित कमी वेळा जिंकले तरी कॉल परवडतो. इस्पिकचा एक्का हाती असेल, तर समोर राणी-गुलामाचा फ्लश उघड दिसत असतानाही हा कॉल तोट्याचा नाही, आणि समोर दुसरे काही असण्याची शक्यता धरली तर तो सरळ फायद्याचा आहे. इस्पिकचा एक्का नसेल, तर मात्र सगळा भार समोरचा खेळाडू कोण आहे यावर जातो. एकट्या इस्पिकच्या राणीच्या बळावर राण्यांची जोडी ऑल-इन करणारा असेल, तर त्याच्यापुढे आपले लाल एक्के निम्म्याहून अधिक वेळा जिंकतात आणि कॉल करायला हवा. फ्लश किंवा सेट झाल्याशिवाय हात न उचलणारा असेल, तर एक्के असूनही पाने टाकण्यातच शहाणपण आहे. म्हणूनच मी रंग विचारतो आहे. लेखातल्या खेळाडूकडे इस्पिकचा एक्का असेल, तर त्याची बेट आवश्यकतेपेक्षा मोठी होती, पण चकत्या कोणत्याही वाटेने मध्यभागी गेल्याच असत्या. मग त्याच्या हरण्याला दुर्दैव म्हणण्यास माझी हरकत नाही. त्याच्याकडे लाल एक्के असतील, तर ते दुर्दैव नव्हते.

इस्पिकच्या एक्क्याचा आणखी एक उपयोग आहे व तो नवख्यांच्या लक्षात बहुधा येत नाही. तो आपल्या हाती असतो तेव्हा समोरच्याच्या हाती नसतो. फ्लॉपआधी चार वेळा चढलेल्या (ब्लाइंड ही पहिली बेट, मग तीन रेज) रेजला कॉल करणारा खेळाडू कोणत्याही दोन इस्पिकांनी कॉल करत नाही. त्याच्याकडचे संभाव्य हात मोजके असतात. दश्शी, गुलाम किंवा राणीची जोडी धरली तर अठरा प्रकार, त्यांपैकी नऊ प्रकारांत एक इस्पिक असते. एक्का-राजाचे सहा प्रकार उरतात आणि एकाच रंगाच्या राजा-राणीचे तीन, कारण इस्पिकचा राजा टेबलावर आहे. हे झाले सत्तावीस. आता फ्लश मोजू. इस्पिकची राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी हे दोन, फार मोकळ्या हाताने खेळणारा असेल तर राणी-दश्शी व दश्शी-नव्वी धरून चार. बाकी राहिले ते एक्क्याचे फ्लश, म्हणजे एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-पंजी. आपल्याकडे इस्पिकचा एक्का असेल तर हे चारही अशक्य, नसेल तर चारही शक्य. एका पानाच्या असण्या-नसण्याने समोरच्याचे फ्लश चारांवर राहतात किंवा आठांवर जातात. त्याच वेळी हेही दिसते की टेबलावर तीन इस्पिक पाहून जो धसका बसतो, तो बहुतांशी अनाठायी असतो. एका रंगाच्या कोणत्याही दोन पानांचे चार प्रकार असतात आणि त्यांपैकी इस्पिकचा एकच असतो.

मग अशा फ्लॉपवर मोठा हात कसा खेळावा? गेल्या दहा-बारा वर्षांत सॉल्व्हर म्हणवणारे, सर्वोत्तम चाल मोजून काढणारे संगणक-प्रोग्राम सर्वसामान्य खेळाडूंच्या हाती आले आणि त्यांनी अनेक जुने समज मोडीत काढले. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने चार नामवंत व्यावसायिकांना १,२०,००० हातांच्या सामन्यात हरवले, तेव्हा ज्या गोष्टींनी खेळाडू चक्रावले त्यांत पॉटहून कितीतरी मोठ्या बेट्सही होत्या. एकाच रंगाच्या फ्लॉपवर मात्र सॉल्व्हरचा कल साधारणपणे उलट दिशेला असतो. इतर फ्लॉपच्या तुलनेत तो अधिक वेळा चेक करतो (काही न लावता पाळी पुढे देतो), आणि बेट लावलीच तर ती लहान, पॉटच्या चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, ठेवतो. कारण समजायला अवघड नाही. ज्याच्याकडे इस्पिकही नाही व जोडीही नाही, तो लहान बेटलाही पाने टाकतो, मोठी लावून जास्त काही मिळत नाही. ज्याच्याकडे एकटे लहान इस्पिक आहे, त्याला पुढचे पान फुकट मिळत नाही. आणि ज्याच्याकडे फ्लश आहे त्याच्यापुढे आपले नुकसान मर्यादित राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व हातांना एकच माप लावले तर समोरच्याला काही कळत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती खेळांत याच्या नेमके विरुद्ध होते: फ्लश असला की लाडीगोडीची छोटी बेट, आणि लाल एक्के असले की ‘हात वाचवण्यासाठी’ भलीमोठी. दोन-तीन शनिवार एकत्र खेळलेल्या माणसाला मग समोरची पाने उघडी पाहण्याची गरज उरत नाही.

राजांच्या जोडीला फ्लॉपवर तिसरा राजा मिळाला, तर काय? सेट हा अर्थातच फार मोठा हात आहे, पण एका रंगाच्या फ्लॉपवर त्याची एक अंगभूत मर्यादा आहे आणि ती मला कुठल्याही मराठी लेखात आढळली नाही. टेबलावर इस्पिकचा राजा आहे, त्यामुळे ज्याच्या हाती राजांची जोडी आहे त्याच्याकडे इस्पिक असूच शकत नाही. अठ्ठींच्या आणि तिर्रींच्या सेटचेही तसेच. म्हणजे या फ्लॉपवर सेट असलेल्या कोणालाही, त्याची पाने कोणतीही असोत, चौथ्या इस्पिकचा लाभ होणार नाही. त्याचे बळ टेबलावरची जोडी जुळण्यात आहे: झालेल्या फ्लशसमोर तो फुल हाउस किंवा चौकडी करून शंभरांत ३५ च्या आसपास वेळा जिंकतो. त्यामुळे चार वेळा चढलेल्या पॉटमध्ये सेट घेऊन मागे हटण्याचे कारण नाही. तीन वेळाच चढलेल्या पॉटमध्ये, जिथे पॉट २,३०० आणि मागे ८,९०० अशी स्थिती असते, तिथे मात्र रेजवर पुन्हा रेज करण्यापेक्षा कॉल करून टर्न पाहणे मला अधिक योग्य वाटते, कारण तिथे उरलेल्या चकत्या पॉटच्या जवळजवळ चौपट आहेत आणि त्या सर्व फ्लॉपवरच मध्यभागी नेणाऱ्याकडे बहुतेक वेळा फ्लश निघतो.

लहान फ्लश हातात असलेल्यांनीही निवांत राहू नये. इस्पिकची सत्ती-छक्की घेऊन बसलेल्याला वाटते की आपले काम झाले. पण उरलेल्या आठ इस्पिकांपैकी एखादे रिव्हरपर्यंत पडण्याची शक्यता जवळजवळ एक-तृतीयांश आहे, आणि ते पडले की एकटी इस्पिकची दश्शीदेखील त्याच्यावर मात करते. असा हात दडवून ठेवण्याचा नसतो. एक्का-राणीचा फ्लश असेल तर दडवता येतो, तरी चौथे इस्पिक पडल्यावर इस्पिक नसलेले सर्व हात एकाएकी थंड पडतात हे लक्षात घेता, मोठ्या पॉटमध्ये मी तोही फ्लॉपपासून लहान बेटनेच खेळावा असे म्हणेन.

फ्लॉपवर इस्पिकचा एक्काच पडला तर चित्र पुन्हा बदलते. एक्का, नव्वी, चव्वी असा फ्लॉप पाहून लोक अधिक घाबरतात. वास्तविक मोठ्या रेजनंतर टिकून राहणाऱ्या एका रंगाच्या हातांपैकी बरेच एक्क्याचे असतात, आणि इस्पिकचा एक्का टेबलावर असताना त्यांतला एकही फ्लश होऊ शकत नाही. तिथे इस्पिकच्या राजाला एक्क्याची जागा मिळते.

हे सर्व लिहिताना पैसे लावून खेळण्याचा मी पुरस्कार करत नाही, हे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तसे करताना खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच बाजूला ठेवला. आता पोकर खेळला जातो तो मुख्यतः गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजांवर किंवा आमच्यासारख्यांच्या घरी, नुसत्या चकत्यांवर. पण तो भेद विचार म्हणून संपलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना तीन पानांच्या खेळाशी तिची तुलना केली होती आणि तो खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले होते. पोकरबद्दल आपल्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी मते दिली आहेत. अशा वेळी वृत्तपत्राने एखादा डाव छापून त्याला दुर्दैव म्हटले, की वाचकाची समजूत ठाम होते की या खेळात करण्यासारखे काही नसतेच. आणि त्या एका डावातच किती करण्यासारखे होते हे वर आले आहे. बुद्धिबळाचा डाव छापताना एक मोहराही आपण वगळत नाही. पोकरचा डाव छापताना प्रत्येक पानाचा रंग, चकत्यांची संख्या आणि कोण कोणानंतर खेळला एवढे तरी द्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. लेखकांनी शक्य असल्यास त्या एक्क्यांचे रंग पुढील अंकात कळवावेत.

जाता जाता घरी खेळणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. तीन इस्पिकांचा फ्लॉप उघडताच जो खेळाडू आपली झाकलेली पाने कोपरा उचलून पुन्हा पाहतो, त्याच्याकडे फ्लश क्वचितच असतो. दोन इस्पिक हाती आलेली त्याच्या ध्यानात राहिली असती. तो एखादे इस्पिक आहे का एवढेच तपासत असतो, आणि टेबलावरच्या जाणत्याला तेवढे पुरते. म्हणून पाने हाती येताच दोन्हींचे आकडे आणि दोन्हींचे रंग मनात पक्के करावेत, रेज करण्याआधीच, आणि फ्लॉप कसाही पडला तरी त्यांना पुन्हा हात लावू नये.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे